सातव्या खुर्चीतली डेल्फा

डेल्फा कूम्ब्स पहाटे साडेचारला उठायची. गरम पाव फोडून त्यात सॉसेज भरायची, चंदेरी कागदात गुंडाळायची आणि नऊ नंबरची शाळेची बस काढायची. अमेरिकेतल्या केंटकी राज्याच्या एका डोंगराळ जिल्ह्यात, लॉरेल फोर्क नावाच्या ओढ्याकाठच्या रस्त्यावर तिनं एकोणीस वर्षं हेच केलं होतं. बसच्या तीन पायऱ्या चढणाऱ्या पावलांवरून तिला कळायचं, कोण रात्री उपाशी झोपलं, कुणाचा बाप घरी परतला. मागं वळून न बघता ती म्हणायची, "लोएटा, पुढच्या सीटवर बस आज." आणि पोर मुकाट्यानं पुढं बसून तो पाव खायची.

स्परलॉकांची पोरंही तिच्याच बसमधून जायची. स्परलॉक म्हणजे चोर, हे त्या भागात कुणाला शिकवावं लागत नसे. रॉडनी स्परलॉकनं अकराव्या वर्षी चाकूनं सीट फाडली तेव्हा डेल्फानं तक्रार केली. त्याला आठवडाभर बस बंद झाली. चार मैल चालत जायचा तो शाळेत. चर्चच्या जेवणात, बटाट्याचं सॅलड वाढता वाढता, डेल्फा म्हणाली होती, "हे पोरगं एक दिवस तुरुंगात सडणार." सगळे हसले होते. तीही.

तेरा वर्षांनी तोच रॉडनी आरोपीच्या खुर्चीत बसला, आणि निकाल देणाऱ्या ज्यूरीच्या बारा खुर्च्यांपैकी सातवी डेल्फाच्या वाट्याला आली. तुम्ही आरोपीला ओळखता का, असं न्यायाधीशांनी विचारलं होतं. इथं सगळेच सगळ्यांना ओळखतात, असं ती म्हणाली. निष्पक्ष राहाल का? हो, राहीन. ते खरंच आहे असं तिला त्या वेळी वाटलं होतं.

आदल्या ऑक्टोबरात तंबाखू वाळत घातलेलं एक कोठार जळालं होतं. आत झोपलेला म्हातारा गडी गेला. एका ट्रकवाल्यानं शपथेवर सांगितलं, की सकाळी पावणेसातला लॉरेल फोर्कच्या वळणावर, शंभर पावलांवरून, रॉडनीला हातात रॉकेलचा डबा घेऊन कोठाराकडून येताना त्यानं पाहिलं. बाकी पुरावा नव्हता. रॉडनीची आई ओपल म्हणाली, तो घरी झोपला होता. आई दुसरं काय सांगणार, असं बाराही जणांच्या तोंडावर दिसत होतं.

चार दिवस खटला चालला. शुक्रवारी दुपारी त्या बारा जणांना आतल्या खोलीत बसवलं. त्यांचा प्रमुख होता हॉबर्ट लायकिन्स. खिळे-पत्र्यांचं दुकान त्याचं, चर्चमध्ये सगळे त्याला ब्रदर हॉबर्ट म्हणायचे. डेल्फाच्या वडिलांच्या शवपेटीला त्यानं खांदा दिला होता. पहिल्यांदा चिठ्ठ्या टाकल्या तेव्हा दहा जणांनी दोषी लिहिलं. त्या दहांत डेल्फा होती. लिहिताना तिच्या डोळ्यांसमोर कोठार नव्हतं. फाटलेली सीट होती, आतला पिवळा स्पंज बाहेर आलेली.

निकालाला बाराही जणांचं एकमत लागतं. उरलेल्या दोघांना समजवायला तासभर लागला. कुणी ओरडलं नाही. नुसतं सगळे त्यांच्याकडे बघत राहिले. पावणेसात, पावणेसात, असा शब्द टेबलावरून फिरत होता, आणि डेल्फाला उगीच आठवलं की पावणेसातला आपणही तिथंच असतो. मग तिला ते वळण दिसलं. म्हणजे दिसलं नाही. सप्टेंबर-ऑक्टोबरात त्या वळणावर ओढ्यातून धुकं उठतं आणि रस्त्यावर पडून राहतं. ती खिडकीतून डोकं बाहेर काढून, रस्त्याची पांढरी कड पकडून बस चालवते. मागं पोरं बोलायची थांबतात. शंभर पावलं सोडाच, बसचं नाक दिसत नाही.

दुसऱ्यांदा चिठ्ठ्या उघडल्या. अकरा आणि एक. सगळ्यांनी पुन्हा त्या दोघांकडे पाहिलं.

"ती माझी आहे," डेल्फा म्हणाली, आणि तिनं धुक्याचं सांगितलं.

शाळेपासूनची मैत्रीण आयमोजीन समोरच बसली होती. तिचा मुलगा त्या संध्याकाळी फुटबॉलच्या मोठ्या सामन्यात खेळणार होता. ती म्हणाली, "धुकं काय साक्ष द्यायला आलं होतं का गं कोर्टात?"

खोलीत हसू फुटलं. डेल्फा क्लेलकडे वळली. क्लेल नोबलचा गोठा त्याच ओढ्यावर होता. आधी न पटलेल्या दोघांतला एक तो.

"क्लेल, तू तिथंच राहतोस. सांग ना यांना."

क्लेलनं कपातल्या गार कॉफीत पाहिलं. "मी त्या वेळी धारा काढत असतो. मला गाईंची ढुंगणं दिसतात, रस्ता नाही दिसत."

पुन्हा हसू. क्लेल मात्र हसला नाही.

ब्रदर हॉबर्टनं आवाज चढवला नाही. त्यानं एवढंच विचारलं, की सीट फाडली तेव्हा हा तुरुंगात सडणार असं कोण म्हणालं होतं. मग त्यानं एक कोरा कागद आणि पेन्सिल तिच्यापुढं सरकवली. "लिही न्यायाधीशांना. कोर्टात जे ऐकलं तेवढंच धरायचं असं ते म्हणालेत, तरी विचार. मग आम्ही सगळे सोमवारपर्यंत इथं बसू, तुझ्यापायी."

कागद तिच्यापुढं बराच वेळ पडून होता. आयमोजीननं घड्याळ बघणंही सोडलं होतं. आता ती डेल्फाकडे बघतच नव्हती, आणि ते जास्त जड होतं. रविवारी चर्चमध्ये बाकावरची आपल्या शेजारची जागा रिकामी असेल, दुकानात बोलणं अचानक थांबेल, हे डेल्फाला त्या कोऱ्या कागदावर लिहिल्यासारखं वाचता आलं. तिनं तो परत सरकवला.

"चला," ती म्हणाली.

दोषी, असा निकाल वाचल्यावर तिला वाटलं, संपलं. पण रॉडनीच्या वकिलानं उठून मागणी केली, की प्रत्येकाला वेगळं विचारा. असं काही असतं हे तिला माहीत नव्हतं. एक नंबर, हा तुमचा निर्णय आहे का? होय. दोन नंबर? होय. सहा माणसांचा वेळ तिच्याजवळ होता. रॉडनी आपल्या बुटांकडे बघत होता. सातवा नंबर पुकारल्यावर त्यानं मान वर केली. त्याच्या डोळ्यांत राग नव्हता. बस आपल्यासाठी थांबते की पुढं जाते, हे बघणाऱ्या पोराचे डोळे होते ते.

"होय, साहेब," डेल्फा म्हणाली. बसचं दार लावायला याहून जास्त वेळ लागतो.

सोमवारी वळणावर धुकं होतं. रॉडनीची सहा वर्षांची मुलगी टॅमरा त्याच थांब्यावर चढायची, आजी ओपल तिला सोडायला यायची. डेल्फाला दोघी दिसल्या नाहीत. ओपलच्या खोकल्यावरून तिनं बस थांबवली. दार उघडल्यावर मग हातभर अंतरावर तिचा चेहरा उमटला. ओपलनं पोरीचा हात सोडला. पोर चढली.

मंगळवारी डेल्फा चाळीस मैलांवरच्या शहरात त्या वकिलाकडे गेली. कोर्टानं नेमून दिलेला तरुण माणूस होता तो. त्यानं सगळं ऐकलं आणि चष्मा काढून ठेवला.

"मला धुक्याचं कुणी सांगितलंच नाही हो. रॉडनीसुद्धा नाही."

त्याच्यासाठी ते रोजचंच, डेल्फा म्हणाली. आमच्याकडं कुणी सांगत नाही धुकं पडलं म्हणून.

"मी शपथेवर सांगते आता," ती म्हणाली.

"बाई, तुम्हाला भर कोर्टात विचारलं होतं. आतल्या खोलीत कोण काय बोललं, कोण का बदललं, हे नंतर कायदा ऐकून घेत नाही." मग तो हळूच म्हणाला, "म्हणून तर मी तुम्हा एकेकाला वेगळं विचारायला लावलं."

तरी त्यानं अर्ज केला. तो फेटाळला गेला. अठरा वर्षांची शिक्षा कायम झाली. चर्चमध्ये डेल्फाच्या शेजारची जागा कधीच रिकामी राहिली नाही. आयमोजीन तिथंच बसायची, आणि भजनाचं पुस्तक दोघींत धरायची. डेल्फाला गाता येत नसे. ओठ हलवायची नुसते.

आठव्या वर्षी, सप्टेंबरात, रॉडनी तुरुंगात न्यूमोनियानं गेला. डेल्फाला ते अजून कुणी सांगितलं नव्हतं. त्या सकाळी ती खिडकीतून डोकं बाहेर काढून, पांढरी कड धरून वळणावर आली. खोकल्याच्या अंदाजानं थांबली. दार उघडलं. पायऱ्यांवर कुणाची पावलं वाजली नाहीत.

"ती आज नाही येणार, मिस डेल्फा," धुक्यातून ओपलचा आवाज आला. "तिच्या बापाला आणायला जायचंय."

डेल्फानं वाकून पाहिलं. डोळे ताणून पाहिलं. चार पावलांवर असेल, सहा पावलांवर. काहीच दिसत नव्हतं. मग खडीवर म्हातारी पावलं वाजायला लागली, डावा पाय ओढत, घराच्या दिशेनं. ती विरेपर्यंत डेल्फानं दार उघडंच ठेवलं. थंडी आत आली. मागं पोरं एकमेकांना बिलगली, पण बस का सुटत नाही, असं कुणी विचारलं नाही.