गाव शहर झालं ती यादी

आमचं गाव महामार्गावर आहे. लाखनीकडे जाणारे ट्रक दिवसभर गावाच्या मधून धावतात. दोन्ही बाजूंना नाश्त्याची हॉटेलं, पंक्चरवाले, खताची दुकानं आहेत. दुकानांच्या मागच्या दोन गल्ल्या ओलांडल्या की लगेच धानाच्या बांध्या, म्हणजे भातखाचरं, लागतात. बसस्टॉपसमोर माझं झेरॉक्स आणि टायपिंगचं दुकान आहे.

शाळेत एका बाकावर बसणारा माझा एक मित्र होता. त्याला गावांची मापं काढायचा नाद होता. तुमसरला त्याची आत्या राहायची. सुटी संपवून आला की सांगायचा, "तुमसर आपल्या गावाच्या चौपट आहे बे. राईस मिल मोजता मोजता थकलो मी." मी भंडाऱ्याला जाऊन आलो की भंडाराच मोठं, असा हट्ट धरायचो. पुढे तो एका लग्नासाठी नागपूरला गेला आणि परत आल्यावर भंडाऱ्यालाही खेडं म्हणू लागला. "जिथं कोनी आपल्याले विचारत नाही, कोनाचा पोरगा आहे बे तू, थे शहर," असं तो म्हणायचा. मला ते पटायचं.

मोठेपणी तो ग्रामपंचायतीत निवडून आला. एका दुपारी दुकानात आला आणि स्टूल ओढून बसला. म्हणाला, "आपलं गाव नगरपंचायत होऊ शकते. लोकसंख्या बसते. फक्त शेतीबिगर काम करनारे लोक किती, थे दाखवा लागते. घरोघरी जाऊन यादी करशील का?"

"मी कायले? पंचायतीचे लोक आहेत ना."

"माह्यासमोर लोक खरं बोलत नाहीत. तुह्यासमोर बोलतात. अन् अक्षर तुहं चांगलं आहे."

मी हो म्हटलं. त्याच्यासाठी म्हटलं, आणि थोडं स्वतःसाठीही. शहर झालं की डॉक्टर गावातच राहील, नळाला दोन वेळा पाणी येईल, दुकानाला गिऱ्हाईक वाढेल, असं मनात होतं. पावतीवर आपल्या गावाच्या नावापुढे 'शहर' असं छापलेलं मला दिसायलाही लागलं होतं.

दुकान बंद केल्यावर रोज एकेक गल्ली धरायचो. लोक खाट टाकून बसवायचे, चहा द्यायचे. "काय काम करता?" असं विचारलं की बहुतेक जण हसून म्हणायचे, "धान. दुसरं का?" मी शेती लिहायचो, शेतमजुरी लिहायचो.

माझ्या शेजारी एक काकी राहतात. नवरा वारला त्याला बरीच वर्षं झाली. धानाच्या रोवणीला जातात, कापणीला जातात आणि उन्हाळ्यात रोजगार हमीवर गावतलावाचा गाळ काढतात. परसात थोडा सांभार, म्हणजे कोथिंबीर, लावतात आणि मंगळवारच्या बाजारात त्याच्या जुड्या विकतात. त्यांच्या नावापुढे मी 'शेतमजूर' लिहिलं.

आठवड्याभरानं मित्र दुकानात येऊन कागद चाळत होता. त्या नावावर त्याचं बोट थांबलं.

"ही बाजारात सांभार विकते ना? मंग व्यापार लिही."

"अबे, वर्षभर शेतात जाते थे."

"बाजारात बी जाते. यात खोटं का आहे?"

मी खोडून 'व्यापार' लिहिलं. मग ज्यानं कधीतरी स्वतःच्या घराची भिंत बांधली होती, तो गवंडी झाला. ज्याचा पोरगा दिवाळीत फटाक्यांचं दुकान लावायचा, त्याचं घर दुकानदारांत गेलं. प्रत्येक वेळी थोडंसं खरं होतंच, त्यामुळे माझा हात अडला नाही. शेवटी सगळी यादी मी स्वच्छ कागदावर पुन्हा उतरवून दिली.

गाव शहर झालं. फटाके फुटले. पंचायतीच्या जुन्याच इमारतीवर नवा रंग आणि नवी पाटी आली. मित्रानं मला मिठी मारली आणि माझ्या तोंडात पेढा कोंबला.

मग उन्हाळा आला. तलाव आटला तेव्हा बायका नेहमीप्रमाणे पंचायतीच्या कचेरीत काम मागायला गेल्या आणि तासाभरात परत आल्या. काकी जॉब कार्ड हातात धरून थेट माझ्या दुकानात आल्या.

"बाबू, थो साहेब म्हनते, आता रोजगार हमी नाही. थे गावखेड्यासाठी असते, अन् तुमी शहरात राहता. मी कधी गेली शहरात? तलाव तर थोच आहे."

ही गोष्ट मला माहीत नव्हती, पण मी कुणाला विचारलीही नव्हती.

चार दिवसांनी समाजमंदिरात लोक जमले. बायका पुढे बसल्या होत्या. एकीनं मित्राला विचारलं, "आमाले न विचारता शहर काहून केलं?" तो उठला. आवाज अगदी शांत होता. "बाई, यादी मी नाही केली. तुमच्या घरी कोन आलता, कोनाले तुमी सांगितलं, आठवा. सारं त्याच्याच अक्षरात आहे."

सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. जे तो बोलला त्यातला एकही शब्द खोटा नव्हता. तो माझ्याकडे बघतही नव्हता. पेढा भरवणारा माणूस हाच का, असं मला वाटत राहिलं. सभा कधी संपली ते कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याला शोधत गेलो. महामार्गालगतच्या त्याच्या बांधीत तो उभा होता. पाळी, म्हणजे कडेचे मातीचे बांध, मोडून जमीन सपाट केली होती आणि चुना टाकून प्लॉटच्या रेषा आखणं चालू होतं.

"रोजगार हमी बंद होते, हे तुले माहीत होतं?" मी विचारलं.

"होतं."

"मंग मले काहून नाही सांगितलं?"

त्यानं पायाजवळची खुंटी सरळ केली. "सांगितलं असतं तर तू लिहिलं असतं का?"

एवढंच. चेहऱ्यावर लाज नव्हती, रागही नव्हता. मला वाटलं होतं, तो नाकबूल करेल, निदान भांडेल तरी. भांडला असता तर आमच्यात काही उरलं असतं. मी चुन्याची रेषा तुडवत रस्त्याला लागलो. त्यानं मागून हाक मारली नाही.

त्या संध्याकाळी काकींच्या अंगणात गेलो. 'व्यापार' कसं लिहिलं, कोणाच्या सांगण्यावरून लिहिलं, सगळं सांगितलं. त्या तांदूळ निवडत होत्या. हात न थांबवता म्हणाल्या, "थो तसाच आहे. त्याचं मले काही वाटलं नाही. तू तर रोज पाहत होता मले शेतात जाताना."

त्यांनी पाणी दिलं, चहा दिला नाही.

पुढच्या निवडणुकीत मित्र नगरसेवक झाला. काकी आता पहाटेच गाडीत बसून दूरच्या गावांत रोवणीला जातात. उन्हाळ्यात काहीच नसतं. मध्यंतरी कोणीतरी सांगितलं की विधवांच्या एका योजनेत शहरातल्या बायकांनाही अर्ज करता येतो. मी अर्ज टाइप केला आणि त्यांच्याकडे घेऊन गेलो. काकींना वाचता येत नाही, सही तेवढी येते. आजवर कितीतरी कागदांवर त्यांनी मी बोट ठेवीन तिथे सही केली होती. या वेळी त्यांनी कागद माझ्या हातातून घेतला, घडी केली आणि म्हणाल्या, "ठेव इथं." मग अंगणवाडीच्या बाईंकडे गेल्या, पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचून घेतला आणि मगच सही करून मला परत आणून दिला.