दाराशी पडलेले बूट

माझी लेक परदेशात एका अवाढव्य सरोवरात बुड्या मारते. काल तिनं फोनवर तळाशी बुडालेलं एक जुनं जहाज दाखवलं. गार, गोड्या पाण्यात लाकूडसुद्धा कुजलेलं नव्हतं. फळीवर कप होते, दाराशी कुणाचे तरी बूट.

"ते वर का नाही आणत गं?"

"छे, आई! कशालाही हात लावायचा नाही. बघायचं आणि वर यायचं."

हीच पोरगी दर रविवारी म्हणते, बाबांच्या चपला आता तरी दारातून काढ.

त्या संध्याकाळी हे घाईनं आत येऊन आडवे झाले, ते उठलेच नाहीत. त्यांची एक चप्पल अजून उपडी पडली आहे. उपड्या चपलेनं घरात भांडणं होतात म्हणे. होऊ देत. भांडायला तरी यावं त्यांनी.