रेकॉर्डबाईंचा नवा लॅपटॉप

भाडेतंटा मंडळाच्या सुनावणीच्या खोलीत त्यांना सगळे रेकॉर्डबाई म्हणतात. घरमालक आणि भाडेकरू यांची भांडणं तिथे चालतात, आणि साक्षीदार जे बोलेल ते, तो बोलत असतानाच, टाइप करत जाणं हे बाईंचं काम. जुन्या सुनावण्यांच्या अभ्यासासाठी माझं तिथे जाणंयेणं होतं. पुढची हकीकत मला स्वतः बाईंकडून, त्यांच्या नणंदेकडून आणि लॅपटॉपच्या दुकानदाराकडून कळली. तिघांचं जिथे जुळत नाही, तिथे तसं सांगितलेलं बरं.

बाईंच्या लॅपटॉपचं बिजागर तुटलं, इथपर्यंत एकवाक्यता आहे. पडदा उभा राहीना. काही दिवस त्यांनी तो कायद्याच्या जाडजूड पुस्तकाला टेकवून निभावलं. मग एका सुनावणीत तो वकिलाच्या युक्तिवादाला कंटाळल्यासारखा हळूहळू मागे कलंडला, अध्यक्षांनी चष्म्यावरून पाहिलं, आणि बाई त्याच संध्याकाळी दुकानात गेल्या.

तिथे दोन लॅपटॉप होते, एकाच कंपनीचे आणि एकाच नावाचे. पहिला जुन्या घडणीचा, बाईंच्या तुटलेल्याचा जुळा भाऊच. शोकेसमधला शेवटचा नग. दुसरा त्याचाच नवा अवतार: वहीसारखा पातळ, पडदा पार कडेपर्यंत, बटणं जवळजवळ सपाट. दुकानदाराने काही लपवलं नाही. जुन्याचे सुटे भाग लवकरच यायचे बंद होणार होते, आणि मंडळाची नोंदींसाठीची नवी प्रणालीही त्याच्यावर फार काळ चालेल याची खात्री नव्हती.

“जुना घेतलात तर आज सुख आहे,” तो म्हणाला. “उद्याचं मी बोलत नाही.”

बाईंनी दोन्हींवर टाइप करून पाहिलं, विचार करून सांगते म्हणाल्या आणि बाहेर पडल्या. कोपऱ्यापर्यंत जाऊन परत आल्या, जुना कुणाला विकू नका असं बजावून पुन्हा गेल्या. त्यानंतर दुकानदाराच्या म्हणण्यानुसार त्या रोज यायच्या. बाईंच्या म्हणण्यानुसार अधूनमधून. मला दुकानदाराचं खरं वाटतं, कारण त्याला एक गोष्ट अजून खटकते. बटणांकडे ढुंकूनही न बघता बाई त्याच्या तोंडाकडे टक लावून टाइप करायच्या. “मी काय काय थापा मारतो ते लिहून घेतायत की काय, असं वाटायचं,” तो म्हणतो.

घरी नणंद वैतागली होती. ती शाळेत गणित शिकवते. भाऊ गेल्यापासून दोघी एकत्र राहतात. जेवताना बाईंची बोटं ताटाच्या कडेवर टाइप करत, इस्त्री करताना मध्येच हात थांबे. एखाद्या दिवशी नवाच घ्यायचा असं ठरवून त्या निघत आणि चपला घालता घालता बेत फिरे. नणंदेने दोन्ही मॉडेलचे गुणदोष रकाने आखून मांडून दिले. बाईंनी तो कागद वाचून घडी करून ठेवला.

“वहिनी, लग्नासाठी स्थळं आली होती तेव्हासुद्धा तू एवढा घोळ घातला नव्हतास.”

“तेव्हा एकच आलं होतं,” बाई म्हणाल्या.

खरं कारण बाईंनी नणंदेलाही सांगितलेलं नव्हतं. त्यांचा डावा कान जवळजवळ गेला होता आणि उजवाही उतरणीला लागला होता. गेली काही वर्षं त्या साक्षी अर्ध्या ऐकत आणि अर्ध्या ओठांवरून वाचत. म्हणूनच नजर साक्षीदाराच्या चेहऱ्यावरून हलवून चालत नव्हतं. जुन्या मॉडेलची खोलगट, उंच बटणं बोटांना आपापली जागा सांगत. नव्याच्या सपाट बटणांवर बोट घसरे, मग खाली बघावं लागे, आणि तेवढ्यात अर्धं वाक्य निसटे. जुना घ्यावा तर मंडळाच्या प्रणालीने त्याला नाकारताच पुन्हा हाच प्रश्न, तेव्हा पर्यायही उरणार नाही. नवा घ्यावा तर पहिल्याच आठवड्यात बिंग फुटेल. कानाचं कळलं तर मंडळ आपल्याला त्या खुर्चीत ठेवणार नाही, याबद्दल त्यांच्या मनात शंका नव्हती. दुकानात त्या खरं तर लॅपटॉप निवडतच नव्हत्या. आणखी किती दिवस लपवता येईल याचा अंदाज घेत होत्या.

शेवटी दुकानदारच थकला. नवा घरी न्या, कामावर वापरून बघा, नाही पटला तर परत आणा, असं म्हणून त्याने पिशवीच हातात दिली. सुनावणी नसलेल्या दिवसांत बाईंनी टीव्हीवरच्या बातम्या टाइप करून सराव केला. बोटं रुळली, असं त्यांना वाटलं.

त्यानंतरच्या सुनावणीत साक्षीला नळदुरुस्ती करणारे एक आजोबा होते. गळती मालकाच्या कानावर घातली होती की नव्हती, एवढ्यावर खटला अडला होता. आजोबा हळू बोलत आणि प्रत्येक वाक्य दुरुस्त करत. आधी भिंत ओली झाली; नाही, छत; नाही, भिंतच, पण पलीकडची. साक्षीदार असा फिरला की उजवी करंगळी वरच्या कोपऱ्यातल्या डिलीटच्या बटणावर टाकायची, ही बाईंची जुनी सवय. नव्या मॉडेलमध्ये त्या कोपऱ्यात लॅपटॉप बंद-चालू करायचं बटण होतं, आणि बातम्या देणारे कधी असे फिरत नसल्याने सरावात करंगळी तिथे गेलीच नव्हती.

पडदा काळा झाला आणि पुढच्या अक्षराला पुन्हा उजळला. पण आता त्यावर पासवर्ड मागणारी एक चौकट होती. बाईंची नजर आजोबांच्या ओठांवर. आजोबा बोलत राहिले, बाई टाइप करत राहिल्या, आणि ती अख्खी साक्ष पासवर्डच्या चौकटीत ठिपके होऊन जमा होत गेली.

“मालकाला केव्हा सांगितलं, ते उत्तर वाचून दाखवा,” अध्यक्ष म्हणाले.

बाईंनी खाली पाहिलं. पडद्यावर नुसत्या ठिपक्यांची रांग. एका वकिलाने वाकून पाहिलं आणि खोकल्याआड हसू दडवलं. लॅपटॉप नवा आहे, अंदाज आला नाही, एवढं सांगून सुटता आलं असतं. अध्यक्षांनीच तसं सुचवलंही, आणि अर्ध्या तासाची सुट्टी देऊ केली. पण आजोबांना तीच साक्ष पुन्हा द्यावी लागणार होती, बाईंना नजर पुन्हा ओठांवर ठेवावी लागणार होती, आणि करंगळी पुन्हा त्याच कोपऱ्यात जाणार होती. बाई उभ्या राहिल्या.

“लॅपटॉपचं निमित्त आहे साहेब. मला डाव्या कानाने ऐकू येत नाही. मी यांच्या ओठांवरून लिहिते, म्हणून खाली बघत नाही. आजोबांना माझ्या समोर बसवा आणि थोडं थांबत थांबत बोलायला सांगा.”

मग आजोबांनी स्वतःच खुर्ची उचलली आणि बाईंच्या समोर आणून ठेवली. “आधी सांगायचं की,” ते म्हणाले. “माझी बायको पण असंच करते. तिच्यापुढे तर मला पुटपुटायचीसुद्धा सोय नाही.”

सुनावणी पूर्ण झाली. संध्याकाळी अध्यक्षांनी बाईंना आपल्या खोलीत बोलावलं. कानाची तपासणी करून घ्या, अहवाल आणा, मंडळ विचार करेल, असं ते म्हणाले. त्यांनी बाईंना काढलं नाही, पण ठेवलं असंही म्हटलं नाही. बाईंनी विचारलं, तोवर काम करू का? त्यांनी मान हलवली. ती होकाराची होती असं बाई समजल्या.

दुकानात गेल्यावर त्यांनी नोकरीच्या टांगणीसकट सगळा प्रकार सांगून कोपऱ्यातल्या बटणाची तक्रार केली. ते बटण दाबलं तरी लॅपटॉप झोपणार नाही अशी व्यवस्था दुकानदाराने तिथल्या तिथे, काउंटरवर उभ्या उभ्याच करून दिली, आणि पहिल्याच दिवशी का नाही विचारलंत म्हणून उलट त्यांनाच विचारलं. तेव्हा विचारलं असतं तर खाली का बघत नाही, हेही सांगावं लागलं असतं. जुना नग अजून शोकेसमध्येच होता. दुकानदाराने तो आपण होऊन काढला आणि नव्याच्या शेजारी ठेवला.

बाईंनी एक हात जुन्यावर ठेवला, एक नव्यावर. नोकरी राहणार की नाही हे ठाऊक नसताना कुणीही आजपुरता हाताला बसणारा जुनाच घेतला असता. नणंदेचंही तेच मत होतं आणि माझंही तेच आहे.

“नवा द्या,” बाई म्हणाल्या.

“वाढीव वॉरंटी टाकू का? पण तुमच्या नोकरीचं तर अजून नक्की नाही ना...”

“टाका. अहवाल काहीही येवो, मी त्या खुर्चीतून आपण होऊन उठणार नाही.”

पिशवी घेऊन त्या बाहेर पडल्या आणि यावेळी कोपऱ्यावरून परत आल्या नाहीत. घरी आल्यावर मात्र, नणंद सांगते, त्या रात्री जेवताना बोटं ताटाच्या कडेवर पुन्हा चालू होती.