गोगलगायीला फिल्टरचं पाणी

माझ्या सासूबाई, माणिकबाई, यांच्या गळ्यात माळ आहे. अकोल्यात, आमच्या जठारपेठेतल्या घरात अंड्याचं नावही निघत नाही. शेजारणीने एकदा केक आणला, तर सासूबाईंनी तिला उंबऱ्यावरच विचारलं, "यात काय हाय?" ती केक घेऊन परत गेली. अशा घरात माझी मुलगी प्रतीक्षा काचेची टाकी घेऊन आली आणि तीत एक पिवळी गोगलगाय सोडली. नाव ठेवलं चंदा.

पुढे प्रतीक्षा शिकायला अमरावतीला होस्टेलवर गेली आणि चंदा आजीच्या हवाली झाली. रोज संध्याकाळी व्हिडिओ कॉल यायचा. आधी चंदा दाखवायची, मग आजी दिसायची, आणि मी मागे पोळ्या लाटताना दिसले तर दिसले. मी तिची सख्खी आई. मला राग यायचा, खोटं कशाला बोलू? सासूबाई मात्र पाच वाजले की पदर सारखा करून टाकीजवळ बसायच्या.

त्यांचं माहेर खारपाणपट्ट्यातलं. तिथल्या विहिरीच्या पाण्यात डाळ शिजत नसे. गोडं पाणी लांबून डोक्यावर आणायचं आणि पाहुण्यांसाठी झाकून ठेवायचं. म्हणून टाकीचं पाणी बदलताना त्या नळाचं घेत नसत, पिण्याच्या फिल्टरचं ओतत. मी एकदा म्हटलं, आई, ती चिखलातली जात, तिला काय कळतंय?

"पाहुणी हाय ते. पाहुणीले कोणी जाडं पाणी देते का?"

हळूहळू चंदाच्या शंखाचा रंग उडाला. मग त्याला खळगे पडले, आणि ती शंखाचं दार लावून कोपऱ्यात पडून राहू लागली. सासूबाई मोबाइल असा धरू लागल्या की नुसते बुडबुडे दिसावेत.

"आजी, लयच झोपते ना ही?"

"थंडी हाय ना इकडे."

अकोला काही हिमालयात नाही, आणि इथे तेव्हा पंखा बंद केला तर माणूस उकडून निघत होता. फोन ठेवल्यावर सासूबाई मला म्हणाल्या, "हे मेली तं पोरगी मले कायले फोन करन?"

माझा राग तिथेच गळाला.

मी माशांच्या दुकानात जाऊन आले. दुकानदार म्हणाला, फिल्टरच्या पाण्यात क्षारच उरत नाहीत, शंख झिजणारच. नळाचं पाणी दिवसभर उघडं ठेवून मग घाला, आणि टाकीत समुद्री माशाचं हाड टाका, नाहीतर अंड्याची टरफलं. मी घरी येऊन जसंच्या तसं सांगितलं. सासूबाई बराच वेळ माळ हातात धरून बसल्या. मग उठून त्यांनी एक जुना डबा शोधला आणि चपला घातल्या.

मी म्हटलं, मी आणते.

"नाही. पाप हाय, तं आपल्याच हातानं कराव."

कोपऱ्यावर नागसेनची अंडाभुर्जीची गाडी असते. त्याने माळ पाहिली, डबा पाहिला.

"मावशी, रस्ता चुकल्या का?"

"टरफलं दे. रिकामी. घरात लेकरू आजारी हाय."

दुसऱ्या दिवशी गल्लीत बोभाटा झाला. केकवाली शेजारीण मुद्दाम विचारायला आली, सासूबाईंनी माळ काढली का म्हणून. मी म्हटलं, नाही, फक्त टरफलं आणतात. सासूबाई ती टरफलं अंगणात उकळायच्या, कुटायच्या, टाकीत सोडायच्या आणि मग डोक्यावरून अंघोळ करायच्या. चंदा फिरू लागली. तिच्या शंखाच्या कडेला नवी, गुळगुळीत पिवळी पट्टी आली, आणि मोबाइल पुन्हा सरळ धरला जाऊ लागला.

दिवाळीच्या आधी एका सकाळी टाकीच्या झाकणाखाली, पाण्याच्या वर, काचेला गुलाबी दाण्यांचा घोस चिकटलेला दिसला. मी फोटो पाठवला. प्रतीक्षाचा लगेच कॉल आला.

"आई, चंदानं अंडी घातली."

मी सासूबाईंकडे पाहिलं. त्यांनी चष्मा लावला, घोस नीट पाहिला आणि माझ्या हातातून फोन घेतला.

"यातले किती जगतीन वं?"

"लय जगतीन आजी. काढून टाक, टाकी भरून जाईन."

"मी काही काढत नाही. रोज एकेक दाखवीन तुले."