पाणचक्कीचं पहिलं पीठ

आरमोरीच्या अलीकडे माझ्या आईचं माहेर. तिथल्या तलावाच्या पाळीखाली, बांधाच्या पायथ्याशी, मालगुजाराच्या काळातली पाणचक्की आहे. तलावाचं तुडुम, म्हणजे पाणी सोडायचं दार, उघडलं की पाणी लाकडी चाकावर पडायचं, वर दगडी जातं फिरायचं आणि गावाचे तांदूळ दळून निघायचे. मधली कित्येक वर्षं ती बंद होती. यंदा दुरुस्त केली, रविवारी लोकांना फिरवून दाखवतात, असं कळलं आणि आईनं आमच्यामागे धोशा लावला. तिला नवे तांदूळ तिथं दळायचे होते आणि पहिल्या पिठाची चिमूट आपल्या हातानं माझ्या भावाच्या तोंडात घालायची होती. तिच्या माहेरची ती रीत. थोरल्या मुलाच्या रिकाम्या तोंडात पहिली चिमूट पडली की वर्षभर घरात कुणाच्या तोंडचा घास जात नाही म्हणतात.

अडचण एकच. माझ्या भावाचं तोंड रिकामं नसतं. उठल्यापासून खर्रा. सुपारी, तंबाखू, चुना प्लास्टिकच्या पन्नीत घोटायचा, गालात कोंबायचा आणि दिवसभर पिचकाऱ्या मारायच्या. त्याच्या गाडीच्या दारावर बाहेरून लाल ओघळ आहेत. त्या गाडीत बसायचं म्हणजे मी पदर सावरून, दाराला न शिवता बसते.

"आजच्या दिवस तोंड रिकामं ठेवजो," आई निघताना त्याला म्हणाली. त्यानं नुसती मान हलवली. बोलणार कसा, तोंडात खर्रा होता.

पोचलो तर पाळीवर जत्रा. बेशरमच्या झुडपांत थर्माकोलच्या पत्रावळी अडकलेल्या, कोंबडीची हाडं, कुत्री, आणि कुणीतरी लहान मुलाचा लंगोट गुंडाळून थेट पाण्याच्या वाटेत टाकलेला. चक्कीला पिवळाजर्द ऑइलपेंट फासला होता. तिच्यासमोर बाया-माणसं ओठांचा चंबू करून फोटो काढत होती. वास असा, की नाकाला लावलेला रुमाल मी घास घेण्यापुरताच बाजूला केला. आणि भिंत. माणसाच्या कंबरेपर्यंत भिंत थुंकून रंगवलेली, वाळलेल्या थुंकीवर ओली थुंकी आणि त्यावर माश्या. मी तोंड फिरवलं. आई मात्र त्या भिंतीकडे न पाहता आत डोकावत होती.

आधी जेवण उरकलं. आम्ही पोळ्या आणि वांग्याची भाजी खाल्ली. वहिनीनं भावापुढे वेगळा डबा ठेवला, दूधभात, तोही बोटानं कुस्करलेला. घोड्यासारख्या माणसाचे हे लाड पाहून मी म्हटलं, "काऊन, दात नाई आले का त्याले अजून?"

"तिखट चालत नाई त्याले आता," वहिनी म्हणाली आणि डब्याचं झाकण पुसत बसली.

भाऊ चमच्याच्या टोकानं थोडा थोडा भात आत घालत होता. ते पाहायलाही मला नको वाटत होतं. जेवण झालं, आणि पाच मिनिटांत त्यानं खिशातून पन्नी काढून घोटायला घेतली. आई पाहत होती.

तिथल्या राखणदाराला आईनं विनवलं तेव्हा तो दळू द्यायला तयार झाला. त्यानं जात्याचं तोंड झाडून दिलं. पाणी सुटलं, चाक कुरकुरत फिरलं. आईनं फडक्यातले तांदूळ मूठमूठ सोडले आणि कडेनं पीठ पडायला लागलं. पांढरं, स्वच्छ. एवढ्या उकिरड्यात स्वच्छ अशी तेवढी एकच गोष्ट मला दिसली.

"ये," आईनं चिमूट धरून भावाला बोलावलं.

तो लगबगीनं आला, आणि येता येता त्यानं त्याच भिंतीवर पिचकारी मारली. आईच्या माहेरच्या चक्कीच्या भिंतीवर, आईच्या देखत. मग बाटलीतल्या पाण्यानं चूळ भरून तीही तिथंच टाकली. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. जनाची नाही तरी मनाची ठेव, असं म्हणायला मी तोंड उघडणार, तेवढ्यात आई त्याला म्हणाली, "आ कर."

त्यानं केला. लालभडक दात दिसले आणि दातांमध्ये जेमतेम एक बोट जाईल एवढी फट.

"मस्करी नको करू. नीट उघड."

"इतकंच उघडते, आई."

आईला कळेना. तिनं डाव्या हातानं त्याची हनुवटी खाली ओढून पाहिली. तो कळवळला. जबडा हलला नाही.

"दिवाळीपासून असंच हाय," वहिनी मागून म्हणाली. "खर्र्यानं झालं म्हणे, डॉक्टरनं मोठ्या दवाखान्यात जा म्हटलं. हे जात नाई. तुमाले सांगू बी देत नाई."

दिवसभर मला किळस येत होती. आता मी नाकावरचा रुमाल खाली घेतला. कुस्करलेला भात, चमच्याचं टोक, सगळं माझ्या डोळ्यांपुढेच झालं होतं आणि मी नाकाला रुमाल लावून बसले होते.

भाऊ तोंड तसंच उघडं धरून लहान मुलासारखा उभा होता. आईच्या चिमटीतलं पीठ त्या फटीतून जाईना, ओठांवरच सांडत होतं. मग तिनं करंगळीच्या टोकाला थोडं पीठ लावलं आणि जाईल तेवढं आत सारलं.