फ्लेक्सवरची शेळी

आमच्या वेबसाइटचं पहिलं पान फ्लेक्ससारखं होतं. म्हणजे चौकातल्या फ्लेक्ससारखं, अगदी हुबेहूब. वर मधोमध साइटचं नाव, दोन्ही बाजूंना बंदुका घेतलेले गेममधले सैनिक आणि खाली ओळीनं शुभेच्छुकांचे फोटो. कुणी गॉगल लावून, कुणी फोन कानाला लावून, कुणी कडक इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टात हात जोडून. एका बहाद्दरानं तर जवळ फोन नव्हता म्हणून माऊसच कानाला लावला होता. आणि या सगळ्यांच्या मधे, दुसऱ्या ओळीत, चष्मा घातलेली एक शेळी. तिच्या खाली लिहिलेलं, आत्या.

ती शेळी म्हणजे मी.

मी युसूफ वडगाव या गावची. कॉलेजसाठी बीडला मावशीकडं राहत होते. मावशीच्या मुलाचं, म्हणजे दादाचं, स्टँडमागं सायबर कॅफे होतं. सकाळी भरतीचे फॉर्म भरणाऱ्यांची गर्दी, दुपारी सामसूम. मग दुपारभर दादा आणि त्याचे दोस्त गेम खेळायचे आणि खेळता खेळता गेमची टिंगल करायचे. ती टिंगल गेमपेक्षा भारी असायची. एकदा दादा म्हणाला, हे लिहून ठेवायला पायजे, आणि त्यानं साइट काढली. गेम कसा आहे ते सांगायचं आणि पोट धरून हसवायचं, एवढंच तिचं काम. कुणाचा एक छदाम नाही, कुणाची जाहिरात नाही. हौसेला मोल नसतं म्हणतात, तसला कारभार.

कॉलेज सुटलं की मीही तिथंच असायचे. एकदा कोपऱ्यातल्या कॉम्प्युटरवर बसून शेतीचा एक परदेशी गेम खेळत होते. बटन दाबलं की गहू, बटन दाबलं की दूध. मला माझी आत्या आठवली. वडिलांची ही बहीण पाटोद्याच्या अलीकडं एका खेड्यात राहते, तिची शेळ्या-मेंढ्यांची खांडं आहेत आणि तिच्या तोंडाला अख्खी भावकी वचकून असते. हा गेम आत्यानं खेळला तर काय म्हणंल, असं मनात आलं आणि मी तिच्या बोलीत लिहून काढलं. ‘का रं बाबा, तुझ्या रानात तण कावून न्हाई? आन् खुरपायला बाया कुठं गेल्या? का त्यांनी तुला आधीच ओळखलं?’

दादानं ते वाचलं, खुर्चीत मागं रेलून हसला आणि तिथल्या तिथं साइटवर टाकलं. नाव काय लावू म्हणाला. मी म्हणाले, आत्या लाव.

मग आत्या सुटलीच. मेलेली माणसं उठून अंगावर येतात असा एक गेम होता. आत्यानं लिहिलं, ‘एवढी मेलेली मानसं रस्त्यानं हिंडायलीत आन् भावकीतलं एकबी जण दहाव्याचं बोलंना.’ बंदुकीच्या गेमवर लिहिलं, ‘गडी दिवसभर पळतुया, पण तांब्याभर पाणी पिलेला दिसला न्हाई. ह्याची माय कुठं हाय?’ पुण्यात रूम करून परीक्षांची तयारी करणारी आमच्याकडची पोरं ते मोठ्यानं वाचायची, असं त्यांनीच खाली लिहून कळवलं. लातूरचे, परभणीचे लोक यायला लागले. आमची बोली शाळेत बोलली की बाई डोळे वटारायच्या. ‘न्हाई’ म्हटलं की ‘नाही म्हण’. आणि इथं तीच बोली वाचायला लोक मागं लागले होते. मला सांगता येत नाही किती बरं वाटायचं. घरात मी चार माणसांत तोंड उघडत नव्हते. मोठ्यांसमोर बोलायचं नाही, पाव्हण्यांसमोर बोलायचं नाही, आणि लग्नाचं बघायला लागले तेव्हा तर अजिबातच नाही. माझ्या मनाला येईल ते बोलायची जगात एकच जागा होती, ती ही साइट.

साइटला वर्ष झालं तेव्हा दादानं शेजारच्या फ्लेक्स छापणाऱ्या दोस्ताला बसवून पहिलं पान फ्लेक्ससारखं करून घेतलं. गंमत म्हणून. ज्यानं ज्यानं काही लिहून पाठवलं त्याचा फोटो खाली. मला म्हणाला, तुझा दे. मी म्हणाले, नको, घरी कळंल. मग त्यानं आत्याच्या गावाकडच्या लग्नात मीच काढलेला एका शेळीचा फोटो घेतला, तिला चष्मा चढवला आणि माझ्या जागी बसवला. पान असलं गाजलं की विचारू नका.

आणि तिथंच माती खाल्ली.

आमच्याकडं फ्लेक्सची गोष्ट साधी नसते. वाढदिवस कुणाचाही असो, फ्लेक्सवर आपला फोटो कुठं आहे, केवढा आहे, वर आहे की खाली, यावरून माणूस आपली किंमत काढतो. आणि एकदा वर चढलेला फोटो खाली उतरवला, तर ती गंमत राहत नाही. ते संबंध तोडल्याचं जाहीर करणं असतं. आता ज्याला एक ओळ धड लिहिता येत नाही तोही दादाला फोटो पाठवायला लागला. ‘वा वा मस्त’ एवढं एकदा लिहिलं की झाला शुभेच्छुक. एका गावचा होतकरू पुढारी दुकानात आला आणि उभ्या उभ्या म्हणाला, “माझा फोटो कोपऱ्यात कावून हाय बे? आन् ती शेळी मधी?”

दादा स्वभावानं भिडस्त. त्यानं पुढाऱ्याला मधे घेतलं. मग ज्याला बाजूला सारलं तो रुसला. त्याला मोठा केला. मग आणखी दोघं रुसले. सगळे फोटो स्टुडिओतून आलेले, जसेच्या तसे चढवलेले, एकेकाची फाइल वजनदार. एकदा त्यानं सगळे हळूच बारीक केले, तर दुसऱ्या दिवशी दुकानापुढं मोटरसायकलींची ही रांग. संध्याकाळपर्यंत सगळे पुन्हा होते तसे.

होता होता पान इतकं जड झालं की उघडेचना. कॉलेज संपवून मी वडगावला परतले होते, तिथं माझ्या फोनवर नुसतं चाक फिरत राहायचं. चाक बघत चहा टाकावा, प्यावा, कपबशी विसळून ठेवावी, तरी पुढाऱ्याचं अर्धं कपाळच दिसायचं. शेळीपर्यंत तर पोचायचंच नाही. त्यात फोनवर फुकटात व्हिडिओ दिसायला लागले. बोट सरकवलं की हसू तयार. मग कोण थांबतंय आमच्या चाकाजवळ? पुण्याची पोरं नोकरीला लागली. लिहिणारे एकेक करून गळाले. गंमत म्हणजे लिहिणं सोडलेल्या एकानंही आपला फोटो काढा असं म्हटलं नाही. उजाड गावात फ्लेक्स तेवढा टिकून राहावा तसं झालं.

माझं लग्न झालं, पुन्हा बीडलाच आले, एका क्लासमध्ये कॉम्प्युटर शिकवायला लागले. आत्या मधून मधून लिहीत होती. वाचणारे बोटावर मोजण्याएवढे. मग एका दुपारी दादाचा फोन आला. त्याला संभाजीनगरला नोकरी लागली होती, कॅफे बंद करत होता.

“साइटची मुदत सरत आली,” तो म्हणाला. “ह्या बारीला वाढवत न्हाई. जाऊ दे.”

“जाऊ दे म्हंजे?”

“कोण वाचतंय आता?”

“मी वाचते,” मी म्हणाले. “बंद करायची न्हाई. मला दे.”

“घे की. पर पान उघडंना त्याचं काय करशील?”

“फोटो काढते.”

तो म्हणाला, “येडी झालीस का? लोकं माझ्या दारात येतील. कुणी काढले इचारलं तर काय सांगू?”

“सांग आत्यानं काढले.”

“आन् आत्या कोण इचारलं तर?”

खरं सांगते, इतकी वर्षं शेळीच्या मागं बरं चाललं होतं. नाव उघड झालं तर सासरी काय म्हणतील, भावकीत काय म्हणतील, सगळं डोळ्यापुढून गेलं. आणि मग राग आला. कपाळं दाखवायला ही सगळी मंडळी पुढं आणि लिहिणारीनं तोंड लपवायचं? हा कुठला न्याय?

“माझं नाव सांग,” मी म्हणाले. “फोन नंबरबी दे.”

नवऱ्याला संध्याकाळी जेवताना सांगितलं. तो घास हातात धरून म्हणाला, “म्हंजे ती शेळी तू व्हतीस व्हय?” मी होय म्हणाले. तो म्हणाला, चटणी वाढ. एवढंच झालं त्याच्याकडून.

दुसऱ्या दिवशी क्लास सुटल्यावर बसले आणि एकेक फोटो उतरवला. पुढारी उतरवला, गॉगल उतरवले, माऊसवाला उतरवताना जरा वाईट वाटलं. शेळी तेवढी राहू दिली. पान फटकन उघडलं. नुसतं नाव, खाली लेख. मी परत परत उघडून बघितलं.

मग फोन सुरू झाले. पहिला पुढाऱ्याचाच. तो आता खरोखरचा पुढारी झाला होता, मागं हॉर्न वाजत होते.

“आत्या म्हंजे तुमी? आमाला वाटलं कुणी रिटायर मास्तर हाय.”

“मीच.”

“आमचा फोटो कावून काढला, ताई? आमचं काय चुकलं?”

“पान उघडत नव्हतं.”

“ते झालं वो. पर लोकात काय दिसतंय?”

“तुमी एक लेख लिहून धाडा. खाली ठळक नाव लावते. फोटो कुणाचाच न्हाई.”

“शेळीचा तर हाय.”

मी लेखाचंच पुन्हा सांगितलं. तो बघतो म्हणाला, आणि त्याचा लेख काही आला नाही. दोघा-तिघांनी शिव्या घातल्या, मी ऐकून घेतल्या आणि पुन्हा तेच सांगितलं. माऊसवाल्यानं मात्र खरंच लेख पाठवला. मांडीवर लेकरू झोपवून क्रिकेटचा गेम कसा खेळायचा, यावर. चांगला होता. लावला.

पण पुढाऱ्याचं शेळीवरचं ते बोलणं डोक्यात राहिलं. पुढं थोड्याच दिवसांत आत्याकडं जावळाचा कार्यक्रम होता, म्हणून तिच्या गावी गेले. जेवणं उरकल्यावर आत्या बाभळीखाली बसली होती, शेळ्या आजूबाजूला. तिच्या गावात नेटवर्क असं की फोन घेऊन बांधावर चढावं लागतं. मी तिथंच, तिच्याशेजारी, साइट उघडली. हळू उघडली, पण उघडली. तिला वाचता येत नाही. मी मेलेल्या माणसांचा लेख मोठ्यानं वाचून दाखवला.

ती हसली नाही. ऐकत राहिली. मग म्हणाली, “हे तर माजं बोलणं हाय.”

“व्हय आत्या. तुजंच.”

“कोन कोन ऐकतंय?”

“पयले लई होते. आता थोडे हायत.”

“थोडे का असंनात.” तिनं फोन हातात घेतला, डोळे बारीक करून बघितलं. “आन् ही शेरडी कुनाची? चष्मेवाली?”

“ती मी.”

तिनं माझ्याकडं बघितलं, शेळीकडं बघितलं आणि फोन माझ्या मांडीवर टाकला. “माजं तोंड घेतलंस आन् शेरडीचं लावलंस? तुला तुजं न्हाई का? बोलायचं तर समोर येऊन बोलावं, बाई. भिऊनच बोलायचं असंल तर शेरडीच बोलंल की. ती काय कमी वरडती?”

मी फोन पुन्हा तिच्या हातात दिला आणि कुठं दाबायचं ते दाखवलं. रडू येत होतं आणि हसूही. तिथंच बाभळीखाली बसून तिनं माझा फोटो काढला. फोन आडवा-तिडवा धरून, बोट अर्धं मधे आणून. फोटोत मी जरा वाकडी आहे आणि मागं एका शेळीचं शेपूट आहे. मी तो बारीक केला, अगदी बांधावरसुद्धा उघडंल एवढा, आणि चष्मेवालीला उतरवून तिच्या जागी लावला. खाली आधी होतं तेच राहू दिलं, आत्या. त्याच्याखाली माझं नाव लिहिलं, आडनावासकट.

घरी पोचेपर्यंत पुण्याच्या एका जुन्या वाचकानं खाली लिहिलं होतं, “आत्या, तुमी तर लई तरण्या निघालात. आम्ही समजत होतो साठीच्या पुढच्या असाल.”

मी उत्तर दिलं, “गप वाच.”