‘ॲडमिटेड’ कोणी म्हटले?

हेड ऑफिसचा मेल दुपारी आला. प्रेस ऑपरेटर दत्ताराम पाटील यांनी स्वतःची चूक मान्य केली असल्याने त्यांना सेवेतून कमी करावे, असा आदेश होता. पत्र संध्याकाळपर्यंत द्यायचे होते. त्याचे इंग्रजी तपासण्यासाठी ते माझ्या टेबलावर आले. शाळेतून निवृत्त झाल्यावर भाईंदर पूर्वेच्या या स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यात मी हेच काम करते.

मशीनमध्ये दत्तारामांची दोन बोटे चेंगरली होती. त्यात त्यांची चूक कोणती, हे कळेना. मी अपघाताचा मूळ रिपोर्ट मागवला. त्यात लिहिले होते: ‘ही ॲडमिटेड दॅट द गार्ड वॉज लूज.’ गार्ड म्हणजे हात आत जाऊ नये म्हणून बसवलेली जाळी.

रिपोर्ट एचआरच्या नेहाचा होता. साधे ‘सेड’ का नाही लिहिले, असे मी तिला विचारले.

“मॅडम, ‘सेड’ शाळकरी वाटतं. आपल्याकडे सगळे ‘ॲडमिटेड’च लिहितात.”

ते खरे होते. जुन्या रिपोर्टांत कोणी साधे बोलतच नव्हते, जो तो कबुली देत होता. ‘ॲडमिट’ म्हणजे स्वतःच्या अंगावर येणारी गोष्ट मान्य करणे, असे मी सांगताच नेहाचा चेहरा उतरला.

नुसते ‘सेड’ करून मला स्वस्थ बसवेना. जाळी सैल आहे, हे दत्ताराम अपघाताआधी बोलले की नंतर? मी त्यांच्या नवघरच्या घरी फोन लावला.

“त्या दिवशी सकालीच बोललो ना सुपरवायझरला, जाली हलते. तो बोलला, आधी माल जाऊ दे. मी काय करनार, बाई?”

शेजारच्या मशीनवरच्या दोघांनी तेच सांगितले. म्हणजे योग्य क्रियापद ‘रिपोर्टेड’ होते: जबाबदार माणसाला रीतसर कळवले.

मी हे मॅनेजर मेहतासाहेबांना सांगितले. ते खुर्चीत चुळबुळले. “‘सेड’ चालेल ना, बाई? उगाच सुपरवायझर अडकेल.”

“‘सेड’ खोटं नाही, सर. पण त्यांनी आधी कळवलं होतं, हे त्यात दिसत नाही.”

त्यांनी दोनदा फोन उचलला, दोनदा ठेवला. शेवटी म्हणाले, “लिहा. सही करतो.”

दुरुस्त रिपोर्ट हेड ऑफिसला गेला आणि पत्र थांबले. बोटे बरी झाल्यावर दत्ताराम कामावर आले. सुपरवायझरकडे लेखी खुलासा मागितला गेला. जाळी मात्र पत्र थांबले त्याच संध्याकाळी घट्ट बसवण्यात आली.

औपचारिक क्रियापदे जरूर वापरावीत. फक्त ती ज्याच्या तोंडी घालायची, त्याला आधी विचारून घ्यावे.